शेवटचे दोन हात

३ फेब्रुवारी, सोमवार

अध्यापक प्रशिक्षणात एक 'चिंतनवही' लिहावी लागते. दर शुक्रवारी मार्गदर्शक बाई ती तपासतात, म्हणून तिच्यात मी बाईंना बरं वाटेल असं लिहितो. खरं लिहायला ही दुसरी वही आणली. दोनशे पानी, आखीव, शिवण पक्की. दुकानदाराने आधी काढून दिलेली मधल्या पानाला सैल होती. परत केली.

बावन्नाव्या वर्षी मी विद्यार्थी झालो आहे. आठवीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचं सगळं माझं मी शिकलो. यंत्रांचे आराखडे वाचायला रद्दीतल्या पुस्तकांवरून शिकलो, कानस धरायला दुसऱ्यांचे हात लांबून बघून. एकवीस वर्षं कारखान्यात फिटर होतो, आणि गेली नऊ वर्षं प्रशिक्षण केंद्रात फिटरकाम शिकवतो. मला कोणी शिकवलेलं नाही, हे मी मान वर करून सांगतो.

आता नियम निघाला आहे. अध्यापनाचं प्रमाणपत्र नसेल तर जूनपासून वर्गावर उभं राहता येणार नाही. केंद्राच्या साहेबांनी स्वच्छ सांगितलं, "तुमच्या हाताला तोड नाही हो, पण कागद लागतो."

कागद म्हणजे बाहेरच्या परीक्षकांसमोर एक पाठ, आणि एक संचिका. संचिकेत पंचवीस पाठांची टिपणं, तीन विद्यार्थ्यांच्या कामाचे वर्षभराचे नमुने (एक पुढचा, एक मधला, एक मागे पडलेला) आणि 'माझा फसलेला पाठ' हे प्रकरण. टिपणं तयार आहेत. समास सगळीकडे तीस मिलिमीटर. फसलेल्या पाठाचं पान कोरं आहे. नऊ वर्षांत एकही आठवत नाही. एखादा रचून लिहावा लागेल.

६ फेब्रुवारी, गुरुवार

आजपासून जोडीचा जॉब. दोन लोखंडी पट्ट्या. एकीला चौकोनी जीभ ठेवायची, दुसरीला तेवढीच खाच पाडायची, सगळं कानशीने, हाताने. जीभ खाचेत बसवायची आणि जोड खिडकीकडे धरायचा. उजेडाची रेघ दिसली की जॉब नापास. यात रदबदली चालत नाही.

माझ्या वर्गातल्या पंधरा जणांत एक बाई आहे, चौतीस वर्षांची, दोन मुलांची आई. नवऱ्याचं दुखणं लांबलं तेव्हा इथे नाव घातलं. मी मनातल्या मनात तिला 'सावकाश' म्हणतो. एक पट्टी व्हाइसच्या पकडीत बांधायला तिला इतरांच्या दुप्पट वेळ लागतो. पालथ्या घड्यावर पाणी म्हणवत नाही, कारण घडा पालथा नाही, तोंड फार लहान आहे एवढंच.

दुपारी अडून बसली होती. "सर, कुठं लागतंय तेच कळेना."

"दे इकडे," म्हटलं. कानशीचे शेवटचे दोन हात मी मारले. जीभ खाचेत गेली, उजेड बंद.

"तुमच्या हातात जादू आहे, सर."

"जादू नाही, तीस वर्षं आहेत."

सगळे हसले. पाठ उत्तम झाला. चिंतनवहीत तसं लिहिलं.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

संचिकेसाठी जॉबचे फोटो काढले. प्रत्येक जॉबवर ज्याचा त्याचा हजेरी क्रमांक ठोकलेला असतो, म्हणजे कोणाचं काम कोणतं यात घोळ नाही. तिघांचे ओळीने मांडले. पुढचा कोण आणि मागचा कोण, क्रमांक झाकला तर मलाही सांगता येणार नाही! एकाच हाताने केल्यासारखे. याला शिकवणं म्हणतात. फोटोंखाली हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं.

बाईंनी शेजारी पेन्सिलीने लिहून ठेवलं: 'सगळ्यांचं इतकं सारखं कसं?'

आश्चर्य वाटणारच. बाई तेहतीस वर्षांच्या, वर्कशॉपमध्ये कधी उभ्या राहिलेल्या नाहीत. शिवाय मला 'काका' म्हणतात. मी म्हटलं, "मी इथे विद्यार्थी आहे, काका कशाला?" तर म्हणाल्या, "मग काय बाळ म्हणू?"

२० फेब्रुवारी, गुरुवार

बाई आज माझा तास बघायला आल्या. मागच्या बाकावर दोन तास हलल्या नाहीत. फळ्यावरची आकृती मी मोजपट्टीशिवाय काढली आणि ती बिनचूक आली. ती बघतील असं वाटलं होतं. तास संपल्यावर एक चिठ्ठी पुढे केली. तिच्यावर पाच-पाच रेघांचे गठ्ठे मारलेले, आणि खाली आकडा एकतीस.

"हे काय?"

"तुमचा हात विद्यार्थ्याच्या कामाला लागला की एक रेघ. एकतीस वेळा, काका. आणि तुम्ही 'दे इकडे' म्हणालात बावीस वेळा. उरलेल्या नऊ वेळा तेही म्हणाला नाहीत."

मी म्हटलं, "बाई, पोहायला शिकवताना पाण्यात उतरावं लागतं."

"उतरा ना. पण पोहून तुम्हीच पलीकडे जाता, आणि त्याचे कपडे ओले झाले म्हणून त्याला पास करता."

मला राग आला. अजून आहे. नाचता येईना त्याने अंगण मोजायला येऊ नये.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार

हिला सकाळी चिठ्ठीची गोष्ट सांगितली. वाटलं, ही तरी बाईंना नावं ठेवेल. ही कपडे घडी करत होती, तशीच करत राहिली.

"मी कोणाच्या हातातून काम काढून घेतो का गं?"

"छे. काढून घेत नाही तुम्ही. समोरचाच देऊन टाकतो, रोजची कटकट नको म्हणून."

"म्हणजे?"

"अहो, मागच्या वर्षी तुमचं ऑपरेशन झालं. बारा दिवस तुम्ही दवाखान्यात. मोरीतला नळ गळत होता. मी बारा दिवस खाली बादली लावली आणि भरली की ओतली. पाना समोर खिळ्याला टांगलेला होता."

"मग पिळायचा की! एक आटा."

"आणि तुम्ही आल्यावर विचारलं असतं, कोणी पिळला, कुठल्या बाजूने पिळला, इतका का पिळला. त्यापेक्षा बादली बरी." मग हसली. "आपला हात जगन्नाथ, पण दुसऱ्याला हात असतात हे कधीतरी बघा."

तिने हसून सांगितलं म्हणून मीही हसलो. नळाचा वॉशर मी दवाखान्यातून आल्या आल्या बदलला होता, सव्वादहा मिनिटांत. तेव्हा बादलीकडे लक्ष गेलं नव्हतं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

बाईंचा आकडा खोटा ठरवायचा म्हणून सकाळी आठला कोठीतून जॉबची पेटी काढली. वर्ग भरायला दीड तास होता. एकेक जॉब खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. ऊन तिरपं येत होतं.

कानशीच्या रेघा तिरप्या उन्हात उठून दिसतात. उजव्या हाताने काम करणाऱ्याच्या रेघा एका अंगाला कलतात, डावखुऱ्याच्या दुसऱ्या. मी डावखुरा आहे. या वर्गात दुसरं कोणी डावखुरं नाही.

पंचेचाळीस जॉब होते. भिंग लावून तपासले. खालच्या थरात रेघा उजव्या हाताच्या. ज्या कडेवर जोड बसतो, जिथे उजेड अडतो, त्या कडेवर एक्केचाळीस जॉबांना माझ्या रेघा आहेत.

सावकाशचे तिन्ही.

पुन्हा एकदा मोजले. एक्केचाळीसच.

खरा जोड बसतो तो शेवटच्या हातात. त्याच्या आधीचं काम म्हणजे नुसतं लोखंड झिजवणं. कुठे थांबायचं, कुठे अजून एक हात मारायचा, हे तिथेच कळतं. ते मी एकाला तरी करू दिलं का?

मागच्या तुकडीतला एक जण कारखान्यात लागला आणि तीन महिन्यांत काढून टाकला गेला. इथे भेटायला आला होता. दारातच उभा राहिला. मी त्याला सगळ्यांसमोर म्हणालो, "हात आहेत, मन नाही तुझ्यात." त्याचा जॉब अजून साहेबांच्या कपाटात नमुना म्हणून ठेवला आहे. मी मुद्दाम साहेबांकडून किल्ली मागून बघून आलो.

त्याच्यावरही माझ्याच रेघा.

२६ फेब्रुवारी, बुधवार

साहेबांना सांगितलं. ते चहा पीत होते. "अहो, रेघांकडे कोण बघतंय? परीक्षक काय भिंग घेऊन येणार आहे? फोटो चिकटवलेत ना? मग मिटलं."

"पण ते काम त्यांचं नाही."

"केंद्राचा निकाल नऊ वर्षं शंभर टक्के आहे. आता शेवटच्या दोन महिन्यांत तुम्हाला सत्यनारायण आठवला का?"

बाईंकडे गेलो. वाटलं होतं, त्या मान हलवतील, मी म्हटलं नव्हतं का असा चेहरा करतील. त्यांनी फक्त विचारलं, "हे तुम्ही स्वतः शोधलंत?"

"हो."

बराच वेळ चिठ्ठ्यांची चवड सारखी करत बसल्या. मग म्हणाल्या, "ते फोटो ठेवलेत तर तुम्ही पास होता, काका. काढलेत तर संचिकेत वर्षभराचे नमुने उरत नाहीत. दीड महिन्यात जे होईल तेवढंच. नियमाने ते अपुरं आहे, आणि मी त्यात काही करू शकत नाही. हे आधी ऐका, मग ठरवा."

फोटो डिंकाने पक्के चिकटवले होते, कारण मी सगळं पक्कंच चिकटवतो. काढताना तीन पानं फाटली.

'माझा फसलेला पाठ' या पानावर एक ओळ लिहिली. पाठ एकच होता, तो नऊ वर्षं चालू होता. बाकीचं पान मोकळं सोडलं.

४ मार्च, मंगळवार

हात लावायचा नाही असं ठरवणं सोपं. हात ठरवून लागत नाही, आपोआप लागतो. पहिल्या दिवशी खिशात घातले तर अर्ध्या तासात बाहेर. ही म्हणाली, "चहाचा कप धरा हातात." धरला. कप व्हाइसवर ठेवून कानस घेतली.

शेवटी दोन्ही तळव्यांना निळा खडू फासला. पांढरा चालला नसता. लोखंडाचा चुरा कानशीच्या दातांत अडकू नये म्हणून तिला आम्ही पांढराच घासतो, फरक कळला नसता. आता मी जिथे हात लावीन तिथे निळं उमटतं. संध्याकाळी मोजलं. पंधरापैकी अकरा जॉब निळे.

एक जण म्हणाला, "सर, रंगपंचमी का?" मी म्हटलं, "निळं दिसलं की माझी चूक, तुझी नाही." त्याला कळलं नाही. मलाही पुरतं कळलेलं नाही, पण आकडा आकडा आहे.

१४ मार्च, शुक्रवार

आज निळे चार. त्यांतला एक सावकाशचा. तिच्या बाकाजवळ उभं राहणं मला जमत नाही. ती कानस ढकलताना मनगट झोकते. ते दिसतं आणि माझे हात शिवशिवतात. हात लावायचा नाही तर बोलायचं काय, हे मला येत नाही हे लक्षात आलं. 'दे इकडे' हेच माझं सगळं व्याख्यान होतं.

बाईंनी सुचवलं, सांगू नका, विचारा. म्हणून विचारलं, "कुठे लागतंय असं वाटतं?"

"तुम्ही सांगा ना, सर."

"तू सांग."

दहा मिनिटं उभी राहिली. मी पण. दहा मिनिटं किती लांब असतात! मग बोट ठेवलं. चुकीच्या कडेवर. मी गप्प राहिलो. तीस वर्षांत एवढं जड काही उचललेलं नाही.

२८ मार्च, शुक्रवार

चाचणी झाली. पंधरापैकी सहाच जॉब पास. इतकी वर्षं मी पंधराचे पंधरा दाखवत होतो.

तिघे जण साहेबांकडे जाऊन आले. साहेब म्हणाले, "पोटावर पाय देताय लोकांच्या. तुमचं शिकणं तुम्ही त्यांच्या परीक्षेत करू नका." हे बोलणं खोटं नाही. रोज वर्ग सुटल्यावर दोन तास जादा घेतो म्हणून सांगितलं. पगाराविना. ते मुकाट्याने हो म्हणाले, म्हणजे रागावले आहेत.

सावकाश सगळे गेल्यावर थांबली. "सर, एक विचारू? माझं काही चुकलं का?"

"का?"

"आधी तुम्ही करून द्यायचात. आता नुसते बघत उभे राहता. मला वाटलं, ही कामाची नाही म्हणून सोडून दिलीत."

मी सांगितलं, एक्केचाळीस जॉबांचं सगळं सांगितलं. तिचे तिन्ही माझे होते हेही. तिने पदराने हात पुसले, पुसतच राहिली.

"म्हणजे मला काहीच येत नव्हतं तर."

"तुला येतं की नाही हे बघायची संधीच मी—"

"मी घरी सांगितलं होतं, सर. मुलांना नेऊन दाखवला होता तो पहिला जॉब."

ती गेली. वाक्य माझं अर्धंच राहिलं. पुरं केलं असतं तरी काय झालं असतं?

३१ मार्च, सोमवार

ती आली. नेहमीच्या वेळेला, नेहमीच्या बाकावर. माझ्याशी बोलली नाही. दिवसभरात एकदाही बोलावलं नाही. निळे जॉब शून्य.

९ एप्रिल, बुधवार

परीक्षकांसमोर पाठ. परीक्षक निवृत्त गृहस्थ, कडक इस्त्री, खिशाला दोन पेनं. मी तळव्यांना निळा खडू फासून उभा. त्यांनी विचारलं, "हे काय?" मी म्हटलं, "मला आवर घालायला." त्यांनी काहीतरी लिहून घेतलं.

ते येऊन थांबले ते सावकाशच्याच बाकाशी. तिची जीभ खाचेत गेली होती, पण वरच्या कोपऱ्यात उजेडाची रेघ दिसत होती, केसाएवढी. सहा मिनिटं राहिली होती. दोन हात. माझ्या मनगटाला ते दोन हात इतके स्पष्ट जाणवत होते की बोटं वळली. मी हात मागे बांधले.

वेळ संपली. परीक्षकांनी जोड उचलून खिडकीकडे धरला. रेघ त्यांनाही दिसली. माझ्याकडे वळून म्हणाले, "शिक्षक म्हणून हे तुम्हाला चालतं?"

"नाही चालत."

"मग?"

"तिलाही चालत नाही. तिलाच विचारा."

तिने माझ्याकडे बघितलं नाही. जोड त्यांच्या हातातून स्वतः काढून घेतला, परवानगी न विचारता, आणि बोट ठेवलं. "हा कोपरा सरळ नाही, साहेब. मी शेवटी मनगट झोकते, त्यामुळे कड मध्ये फुगते आणि टोकाला खाली जाते. टोक खाली गेलं की भरून येत नाही. आता मधला फुगवटा उतरवायला लागेल, इथून इथवर. टोकाला हात लावायचा नाही. आज घाई केली असती तर खाच वाया गेली असती, म्हणून थांबले."

मी हे तिला कधी सांगितलेलं नाही. मनगटाचं नाही, फुगवट्याचं नाही. मला तीस वर्षांत असं नीट शब्दांत सांगता आलं नसतं. माझा हात ते जाणतो, तोंड जाणत नाही.

परीक्षक म्हणाले, "पण जॉब अपुरा आहे."

ती म्हणाली, "हो."

२२ एप्रिल, मंगळवार

निकालाचं पत्र आलं. पाठाचं उद्दिष्ट साध्य नाही, जॉब अपुरा. संचिकेत वर्षभराचे नमुने नाहीत. प्रमाणपत्र रोखून ठेवलं आहे. पुढचं पूर्ण सत्र मार्गदर्शकांच्या देखरेखीखाली, प्रशिक्षणार्थी म्हणून वर्ग घ्यायचा आणि संचिका पुन्हा सादर करायची. म्हणजे माझ्याच वर्कशॉपमध्ये, माझ्याच फळ्यासमोर, मागच्या बाकावर बाई बसलेल्या, आणि हजेरीपुस्तकात माझं नाव पहिल्यांदा शिकणाऱ्यांच्या रकान्यात.

पत्रात टंकलेखनाच्या दोन चुका आहेत. त्यांना लाल खूण केली. मग खोडरबराने पुसली.

ही पत्र वाचून म्हणाली, "वाईट वाटतंय?"

"हो."

"बोलून दाखवलंत हे बरं." आणि पाणी आणायला आत गेली.

बाईंचा फोन आला. "काका, एक सत्र अजून मला सहन करावं लागणार तुम्हाला."

मी म्हटलं, "बाळ म्हणालात तरी चालेल आता." त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, "जूनमध्ये पहिल्याच दिवशी येते."

२६ एप्रिल, शनिवार

आज सुट्टी. दहा वाजता सावकाश केंद्राच्या फाटकाशी उभी. सोबत तोच जोड, फडक्यात बांधलेला.

"तुझी परीक्षा तर झाली. सहापैकी चार जॉब पास, तू पास आहेस. आता हा कशाला?"

"तसाच राहिलाय, सर. राहू देववत नाही. किल्ली द्याल का?"

कुलूप उघडून दिलं. ती आत गेली. मी आत गेलो नाही. बाहेर ओट्यावर बसलो. दार नुसतं लोटलेलं होतं.

कानशीचा आवाज येऊ लागला. बघायची गरज नसते, कानाला सगळं कळतं. हात सरळ गेला तर आवाज सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच असतो. मनगट झोकलं की आधी जाड निघतो आणि टोकाला बारीक होतो. आधी जाड, मग बारीक. आधी जाड, मग बारीक. पुन्हा तेच. मी उठलो. दाराच्या कडीला हात लावला. खडू नव्हता फासलेला आज.

आवाज थांबला. बराच वेळ काही नाही. पट्टी व्हाइसमधून सोडवल्याचा आवाज, पुन्हा बांधल्याचा. पाय सरकवून उभं राहिल्याचा. मग एक हात. सावकाश. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच आवाज. मग दुसरा, तसाच. मग तिसरा.

मी येऊन ओट्यावर बसलो.

पावणेबाराला ती बाहेर आली. घाम आलेला, केसांत लोखंडाचा चुरा. फडकं सोडायला लागली. "दाखवू, सर?"

"खिडकीकडे धरलास?"

"धरला."

"उजेड दिसला?"

"नाही."

"मग झालं."

तिने फडक्याची गाठ परत मारली, किल्ली ओट्यावर ठेवली आणि निघाली. मुलं घरी एकटी होती म्हणाली.

जोड मी बघितला नाही. अजूनही बघावासा वाटतो आहे.